रॉक अँड रोल: बंड कुणाचं, बिल कुणाच्या नावावर?

हे आपल्या या आठवड्याच्या भागाचं लिखित रूप. बोलताना मी मध्येच भरकटतो, ते इथे थोडं आवरलंय. सगळं नाही.

रॉक म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? लांब केस, काळा टी-शर्ट, स्टेजवर आपटलेली गिटार. आजच्या गोष्टीतल्या लोकांकडे यातलं फारसं काही नव्हतं. ते सूट घालायचे, टाय लावायचे, केसांना भरपूर तेल चोपडून फुगे काढायचे. बरेचसे चर्चमध्ये गाऊन मोठे झालेले. त्यांची गाणी काढून शब्द वाचा. गाड्या, शाळा, शनिवारची रात्र, नाच. व्यवस्थेविरुद्ध एक ओळ सापडणार नाही. आणि तरीही १९५५-५६ साली अमेरिकेत पाद्री, पोलीस, न्यायाधीश, टीव्हीवाले, सगळे या पोरांना घाबरले. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ शहराने जून १९५६ मध्ये सार्वजनिक कार्यक्रमांत रॉक अँड रोलवर बंदीच घातली.

का बरं? शब्दांत काही नव्हतं तर बंड होतं कुठे?

माझं म्हणणं असं, की बंड गाण्यात कमी आणि गाणं कोण कुणाला ऐकवतंय यात जास्त होतं. आणि ज्यांनी ते केलं त्या सगळ्यांना त्याची सारखी किंमत मोजावी लागली नाही. काहींना टाळ्या मिळाल्या, काहींना फक्त बिल मिळालं. आजचा भाग त्या हिशेबाचा आहे.

आधी जागा समजून घेऊ. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तेव्हा कायद्यानेच काळे आणि गोरे वेगळे. शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे. (हे शेवटचं मराठी माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही.) कार्यक्रमाला गेलात तर गोरे खाली आणि काळे वर बाल्कनीत, नाहीतर हॉलच्या मधोमध दोरी बांधलेली आणि दोरीच्या दोन बाजूंना दोन वर्णांचे लोक. दोरी शाबूत आहे ना, हे बघायला पोलीस. संगीताच्या याद्याही वेगळ्या होत्या. बिलबोर्ड मासिकात काळ्या कलाकारांच्या तबकड्यांची यादी १९४९ पर्यंत ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाने छापली जायची. मग तिला ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ म्हणायला लागले. पाटी बदलली, कप्पा तोच.

पण रेडिओच्या लहरींना दोरी बांधता येत नाही. मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए स्टेशनने १९४० च्या दशकाच्या शेवटी काळ्या श्रोत्यांसाठी पूर्ण वेळ कार्यक्रम सुरू केले, आणि ते गोऱ्या घरांतही ऐकू यायला लागले. १९५४ च्या शेवटी रिजन्सी कंपनीचा टीआर-वन हा खिशात मावणारा ट्रान्झिस्टर बाजारात आला. किंमत ४९.९५ डॉलर. महागच होता, पण कल्पना बघा. त्याआधी रेडिओ म्हणजे दिवाणखान्यातलं फर्निचर, आणि काय लावायचं ते वडील ठरवणार. आता सोळा वर्षांची मुलगी उशीखाली रेडिओ घेऊन झोपू शकत होती. तुम्ही आत्ता कानात इअरफोन घालून लोकलमध्ये हे ऐकताय आणि शेजारच्याला पत्ता नाही, ती सोय तिथून सुरू होते. मुलं काय ऐकतात हे आईबापांना कळेनासं झालं, तेव्हा पहिली खरी भीती पसरली.

आता माणसांकडे येऊ. पहिलं नाव एका बाईचं, आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. सिस्टर रोझेटा थार्प. जन्म १९१५, आर्कान्सा राज्यातलं कॉटन प्लँट नावाचं गाव. चर्चची भजनं म्हणायची ती, पण इलेक्ट्रिक गिटारवर, आणि गिटार अशी वाजवायची की आजही यूट्यूबवर तिचे व्हिडिओ बघून माणसं तोंडात बोट घालतात. १९३८ मध्ये ती न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये गायली. देवाची गाणी, तीही नाइटक्लबात! चर्चवाले भडकले. १९४४ मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं तिचं ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ पुढच्या वर्षी त्या वेगळ्या कप्प्यातल्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. भजनाच्या बाबतीत हे तोवर ऐकिवात नव्हतं. त्यातला पियानो आणि गिटार ऐका आणि तारीख झाका. कुणीही दहा वर्षं पुढचं सांगेल.

१९५१ मध्ये तिने वॉशिंग्टनच्या बेसबॉल स्टेडियममध्ये तिकीट लावून स्वतःचं लग्न केलं. वीस हजारांच्या आसपास लोक आले. लग्नानंतर वधूने लग्नाच्या पोशाखातच गिटार वाजवली. आपल्याकडे डेस्टिनेशन वेडिंगवाल्यांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो.

पण आजच्या गोष्टीसाठी तिची एक कृती महत्त्वाची. १९४७ मध्ये जॉर्जियातल्या मेकन शहरात तिचा कार्यक्रम होता. सभागृहात शीतपेयं विकणारा एक पोरगा कार्यक्रमाआधी तिची गाणी गात होता. तिने त्याला ऐकलं, स्टेजवर बोलावलं, गायला लावलं आणि वर पैसे दिले. तो पोरगा होता रिचर्ड पेनिमन. म्हणजे लिटल रिचर्ड. वय १४.

मी पक्षपाती आहे हे आधीच सांगून टाकतो. या सगळ्या मंडळींत माझा सर्वांत लाडका हाच.

बारा भावंडांतला तिसरा. एक पाय थोडा आखूड, त्यामुळे चाल वेगळी, त्यामुळे चिडवणं ठरलेलं. वडील चर्चचे डीकन, आणि त्याच वेळी चोरटी दारू विकणारे. (माणसं अशीच असतात.) मुलगा बायकी वागतो म्हणून त्यांनी त्याला घराबाहेर काढलं. मग तो औषधं विकणाऱ्यांच्या फिरत्या तमाशात गायला, बायकांचे कपडे घालून ‘प्रिन्सेस लावॉन’ या नावाने उभा राहिला, बिली राइट आणि एस्केरिटा या गायकांकडून उंच केशरचना, चेहऱ्याचा मेकअप आणि पियानोची ठोकाठोकी शिकला. १९५२ मध्ये वडिलांना गोळी घालून मारलं गेलं. घर चालवायला हा मेकनच्या ग्रेहाउंड बस स्टँडवरच्या उपाहारगृहात भांडी घासायला लागला. त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याची सुरुवात, ते निरर्थक वाटणारे बोल, त्याने सांगितल्याप्रमाणे तिथलेच. भांड्यांचे ढीग पाठवणाऱ्या मालकाला शिवी देता येत नव्हती, म्हणून शिवीच्या जागी हे बोल.

आता १४ सप्टेंबर १९५५. न्यू ऑर्लिन्समधला कोझिमो मटासाचा छोटासा स्टुडिओ. स्पेशल्टी रेकॉर्ड्सने निर्माता म्हणून बंप्स ब्लॅकवेलला पाठवलेलं. पैसे मोजून वादक बसलेत आणि रिचर्ड नेहमीचे ब्लूज गातोय. सपाट. काही घडत नाही. वैतागून सगळे जवळच्या ड्यू ड्रॉप इन नावाच्या क्लबात जेवायला जातात. तिथे पियानो आहे, समोर माणसं आहेत. रिचर्ड उठतो, पियानोवर तुटून पडतो आणि क्लबांत गायचं ते एक गाणं म्हणतो: ‘टुटी फ्रुटी’. ब्लॅकवेलला कळतं की हेच पाहिजे. अडचण एकच. गाणं भयंकर चावट आहे, थेट समलिंगी संबंधांवरचं. रेडिओ सोडा, छापतासुद्धा येणार नाही.

मग डोरोथी लाबॉस्ट्री नावाच्या तरुण गीतकार बाईंना बोलावून नवे शब्द लिहायला सांगितलं. त्यांच्यासमोर मूळ शब्द म्हणायची रिचर्डला एवढी लाज वाटली, की त्याने भिंतीकडे तोंड करून गाणं म्हटलं! स्टेजवर कशालाही न लाजणारा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा आहे, हे चित्र मला फार आवडतं. शब्द आले तेव्हा स्टुडिओची पंधरा मिनिटं उरली होती. तीन टेकमध्ये गाणं संपलं.

तारीख परत बघा. त्याच्या अडीच आठवडे आधी, २८ ऑगस्टला, मिसिसिपीमध्ये एमेट टिल या १४ वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्या माणसांनी हाल करून मारलं होतं. एका गोऱ्या दुकानदारीणबाईशी आगाऊपणा केला, एवढाच आरोप. २३ सप्टेंबरला ज्युरीने आरोपींना निर्दोष सोडलं. म्हणजे हे गाणं बनलं तो महिना हा होता. काळ्या मुलाने गोऱ्या बाईकडे कसं पाहिलं यावर जीव जात होता, आणि त्याच महिन्यात एक काळा, मेकअप केलेला, मिशीवाला, किंचाळणारा माणूस गोऱ्या मुलींनी भरलेल्या सभागृहांकडे निघाला होता. मेकअपबद्दल रिचर्डने पुढे स्वतःच सांगितलं आहे: असं नटलं की गोऱ्या बाप्यांना आपला धोका वाटत नाही, त्यांच्या बायकामुलींवर आपला डोळा आहे असं वाटत नाही. आपण ज्याला नखरा समजतो ते त्याचं चिलखत होतं. मला हे वाचल्यावर त्याचे जुने व्हिडिओ वेगळेच दिसायला लागले.

आणि दोरीचं काय झालं? ती टिकेना. काळे वर, गोरे खाली अशी सुरुवात व्हायची, आणि शेवटी सगळे एकत्र नाचत असायचे. बाल्टिमोरमध्ये लोक बाल्कनीतून उड्या मारतील म्हणून पोलिसांना कार्यक्रम थांबवावा लागला. अलाबामातल्या वर्णद्वेषी संघटना रॉक अँड रोलच्या विरोधात उघड मोहिमा चालवत होत्या. १० एप्रिल १९५६ ला बर्मिंगहॅम शहरात नॅट किंग कोल या गायकावर भर कार्यक्रमात स्टेजवर चढून हल्ला झाला. कोल काही रॉकवाला नव्हता. शांत, मुलायम गाणारा माणूस, आणि समोरचे प्रेक्षक सगळे गोरे. तरी वाचला नाही.

आता बिलाकडे येऊ.

‘टुटी फ्रुटी’ बाहेर आलं आणि लगेच पॅट बून या गोऱ्या, सज्जन, पांढरे बूट घालणाऱ्या गायकाने त्याची आवृत्ती काढली. आईवडिलांना चालेल अशी. एकदा ऐकाच. म्हणजे तुम्हाला मिसळ मागवल्यावर दूधभात मिळाल्याचा अनुभव येईल. लोकप्रियतेच्या मुख्य यादीत बूनची आवृत्ती रिचर्डच्या वर गेली. रिचर्ड आणि ब्लॅकवेल यांनी पुढचं गाणं ‘लाँग टॉल सॅली’ मुद्दाम इतकं वेगाने रचलं की बूनची जीभ वळणार नाही. बूनने तेही गायलं, पण या वेळी रिचर्ड वर राहिला. आणि रिचर्डला मिळत काय होतं? एका तबकडीमागे अर्धा सेंट. गाण्याचे प्रकाशन हक्क आधीच कंपनीकडे गेलेले. १९८४ मध्ये तो कोर्टात गेला, पुढे कोर्टाबाहेर तडजोड झाली. तीस वर्षांनी.

असाच दुसरा हिशेब चक बेरीचा. सेंट लुईसचा. पोरवयात सशस्त्र लुटीसाठी सुधारगृहात जाऊन आलेला, मग मोटारीच्या कारखान्यात काम, केशरचनेचं शिक्षण, लग्न, दोन मुली. शाळा, सुट्टीची घंटा, ज्यूकबॉक्स यांवर गाणी लिहिणारा हा माणूस तेव्हा तिशीला टेकलेला होता, म्हणजे माझ्यापेक्षा थोडासा मोठा. त्याने शाळकरी गोऱ्या पोरांचं जग एखाद्या प्रॉडक्ट मॅनेजरसारखं अभ्यासलं होतं. शब्दोच्चार इतके स्वच्छ की रेडिओवर ऐकून लोकांना तो गोरा वाटायचा. दक्षिणेत एका ठिकाणी तर आयोजकांनी त्याला दारातूनच परत पाठवलं, कारण गाणारा काळा आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

त्याचं पहिलं गाणं ‘मेबलीन’, मे १९५५, शिकागोची चेस रेकॉर्ड्स. ‘आयडा रेड’ या गोऱ्या खेडवळ नाचगाण्यावरून घडवलेलं. हे लक्षात ठेवा, कारण ‘काळ्यांचं गोऱ्यांनी चोरलं’ एवढं सरळ हे प्रकरण नाही. चोरी आणि देवाणघेवाण यांत फरक आहे, आणि तो बऱ्याचदा कागदावर कळतो. कागदावर काय होतं? तबकडी छापून आली तेव्हा गीतकार म्हणून तीन नावं. चक बेरी, अॅलन फ्रीड आणि रस फ्रॅटो. फ्रीड कोण, तर देशातला सगळ्यात वजनदार डीजे. फ्रॅटो हा कंपनीच्या ओळखीतला माणूस. दोघांनी एक ओळ लिहिलेली नाही. तुम्ही रात्र जागून कोड लिहावा आणि सकाळी गिट लॉग उघडल्यावर त्यात कंपनीच्या मित्रमंडळींची नावं दिसावीत, आणि दर वेळी तो कोड चालला की पैसे तिघांत वाटले जावेत, तसं. गाणं वाजवण्यासाठी डीजेला दिलेली ही लाच होती. बेरीला पूर्ण श्रेय परत मिळालं ते १९८६ मध्ये.

यानंतर बेरी आयुष्यभर कसा वागला? ठरलेले पैसे रोख हातात पडल्याशिवाय स्टेजवर पाऊल ठेवायचं नाही. सोबत बँड न्यायचा नाही, गावातलेच वादक घ्यायचे, रिहर्सल नाही. लोक त्याला खडूस म्हणायचे. मला त्या खडूसपणात ‘मेबलीन’ची तबकडी दिसते.

बो डिडलीची गोष्ट थोडक्यात. नोव्हेंबर १९५५, एड सुलिव्हनचा टीव्ही शो, म्हणजे तेव्हाचा सगळ्यात मोठा मंच. सुलिव्हनला ‘सिक्स्टीन टन्स’ हे तेव्हाचं गाजलेलं गाणं हवं होतं. थेट प्रक्षेपणात बो डिडलीने स्वतःचंच गाणं वाजवलं. सुलिव्हन खवळला. त्या शोवर तो परत कधी दिसला नाही.

आणि आता एल्विस. तुमच्यातले निम्मे याचसाठी थांबलेत, ठाऊक आहे.

एल्विस प्रेस्लीबद्दल हल्ली दोनच मतं ऐकू येतात. एक, तो राजा. दोन, तो चोर. मला दोन्ही आळशीपणाची वाटतात. मिसिसिपीतल्या टुपेलोचा गरीब घरातला मुलगा, मेम्फिसमध्ये ट्रक चालवायचा. जुलै १९५४ मध्ये सॅम फिलिप्सच्या सन स्टुडिओत त्याने आर्थर क्रुडप या काळ्या गायकाचं ‘दॅट्स ऑल राइट’ गायलं. मेम्फिसच्या रेडिओवर डीजे ड्यूई फिलिप्सने ते लावलं, फोन खणखणायला लागले, पोराला बोलावून मुलाखत घेतली. आणि त्यात एक साधा प्रश्न विचारला: शाळा कुठली? एल्विस म्हणाला, ह्यूम्स हायस्कूल. बस. मेम्फिसच्या श्रोत्यांना कळलं की गाणारा गोरा आहे, कारण ह्यूम्स गोऱ्यांची शाळा होती. आपल्याकडे कुणी सहज आडनाव विचारतं ना, तसा तो प्रश्न होता.

एल्विसने आपण हे कुठून घेतलं ते लपवलं नाही. हे संगीत काळी माणसं माझ्या आधीपासून वाजवतायत, हे तो मुलाखतींत सांगत राहिला. पण सांगण्याने रॉयल्टी मिळत नाही. क्रुडप १९७४ मध्ये वारला तोवर त्याच्या हाती त्याच्या हक्काचं फारसं काही आलं नव्हतं. ‘हाउंड डॉग’चंही तसंच. बिग मामा थॉर्नटन या धिप्पाड, पुरुषी कपड्यांत वावरणाऱ्या काळ्या गायिकेने ते आधी गायलं. १९५३ मध्ये सात आठवडे तिच्या कप्प्यातल्या यादीत पहिल्या क्रमांकावर. तिच्या सांगण्याप्रमाणे तिला मिळाला पाचशे डॉलरचा एक चेक. गाणं लिहिलेलं होतं लीबर आणि स्टोलर या दोन गोऱ्या पोरांनी, हेही सांगायला हवं. इथे पॉज करा आणि आधी थॉर्नटनचं ऐका, मग एल्विसचं. थॉर्नटनचं गाणं ऐतखाऊ पुरुषाला दारातून हाकलणाऱ्या बाईचं आहे. एल्विसच्या गाण्यात खरोखरचा कुत्राच उरलाय. गंमत वाटते, राग कमी झालाय.

पण शरीर? ते त्याचं स्वतःचं. जून १९५६ मध्ये मिल्टन बर्लच्या टीव्ही शोवर त्याने हेच गाणं गाताना कंबर हलवली आणि देशभर बोंब झाली. पुढच्या महिन्यात स्टीव्ह अॅलनच्या शोवर त्याला शिक्षा झाल्यासारखा सूट घालून, न हलता, एका खऱ्याखुऱ्या बॅसेट हाउंड कुत्र्यासमोर उभं करून गायला लावलं. ऑगस्टमध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला तर एका न्यायाधीशाने अंग हलवलंस तर अटक करीन म्हणून तंबी दिली. एल्विस शहाण्यासारखा उभा राहिला आणि फक्त करंगळी हलवली. सभागृह करंगळीला किंचाळलं! आणि ६ जानेवारी १९५७ ला एड सुलिव्हनच्या शोवर कॅमेऱ्याने त्याला फक्त कमरेच्या वर दाखवलं. खाली काय चाललंय ते प्रत्येक मुलीने मनात पूर्ण केलं, म्हणजे सेन्सॉरचा उपयोग किती झाला ते बघा.

फरक लक्षात घ्या. एल्विसच्या बंडावर कॅमेरा वर सरकला. बो डिडलीच्या बंडावर दार बंद झालं. नॅट कोलने काही न करता मार खाल्ला.

आता अवघड भाग. तो टाळून पुढे जाता येत नाही.

लुईझियानाचा जेरी ली लुईस. आईवडिलांनी जमीन गहाण ठेवून पियानो आणला असा लाडका मुलगा. बायबल शिकायला टेक्ससला पाठवलं तर तिथे भजन बूगी-वूगीच्या ठेक्यात वाजवलं म्हणून हाकललेला. ‘ग्रेट बॉल्स ऑफ फायर’च्या वेळी सन स्टुडिओत त्याचा आणि सॅम फिलिप्सचा वाद झाला आणि तो टेपवर आहे. हे सैतानाचं संगीत आहे, असं जेरी ली स्वतःच म्हणतोय! टाचेने पियानो वाजवणारा हा माणूस आतून खरोखर घाबरलेला होता. मे १९५८ मध्ये तो लंडनला उतरला आणि पत्रकारांना कळलं की सोबतची बायको १३ वर्षांची आहे, त्याच्या नात्यातल्या भावाची मुलगी, आणि आधीच्या बायकोशी घटस्फोट पुरता झालेला नसतानाच हे लग्न लागलंय. तीन कार्यक्रमांनंतर दौरा गुंडाळला.

आणि चक बेरी. १९५९ च्या डिसेंबरात अटक. १४ वर्षांच्या एका मुलीला राज्यांच्या सीमा ओलांडून आपल्या क्लबात कामाला आणलं, अनैतिक हेतूने आणलं, असा आरोप. पहिल्या खटल्यातल्या न्यायाधीशाची वर्णद्वेषी शेरेबाजी इतकी उघड होती की वरच्या कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. दुसऱ्या खटल्यात तो पुन्हा दोषी ठरला, आणि दीड वर्षाहून जास्त तुरुंगात राहिला.

जुन्या रॉकप्रेमींच्या गप्पांत या दोन गोष्टी ‘वाया गेलेले बंडखोर’ म्हणून रंगवून सांगतात. मला ते पटत नाही. न्यायाधीश वर्णद्वेषी होता हे खरं, आणि मुलगी १४ वर्षांची होती हेही खरं. एकाने दुसरं पुसत नाही. पॅट बूनला चकवणं हे बंड होतं, दोरी तोडणं हे बंड होतं. १३-१४ वर्षांच्या मुलींच्या बाबतीत या दोघांनी जे केलं, त्यात बंड कुठलं? प्रत्येक गावातला ताकदवान पुरुष तेच करत आलाय. मी बेरीची गाणी ऐकतो, आवडीने ऐकतो. पण हे वाक्य मध्ये न घालता त्याच्याबद्दल बोलायचं नाही, एवढं ठरवलंय.

यानंतर सगळं भराभर कोसळलं. १९५७ मध्ये अॅलन फ्रीडचा टीव्ही शो बंद झाला, कारण फ्रँकी लायमन हा काळा किशोर गायक प्रेक्षकांतल्या गोऱ्या मुलीबरोबर नाचताना पडद्यावर दिसला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर लिटल रिचर्डने आकाशात आगीचा गोळा पाहिला. रशियाचा स्पुटनिक नुकताच वर गेला होता. हा देवाचा इशारा समजून त्याने अंगठ्या पाण्यात फेकल्या, संगीत सोडलं आणि अलाबामातल्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजात नाव घातलं. मार्च १९५८ मध्ये एल्विस सैन्यात. ३ फेब्रुवारी १९५९ ला आयोवात विमान पडून बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि बिग बॉपर गेले. हॉली २२ वर्षांचा, व्हॅलेन्स १७. मग डीजेंच्या लाचखोरीची संसदेत चौकशी झाली आणि त्यात फ्रीड संपला.

पण ट्रान्झिस्टर आणि तबकड्या तोवर फार लांब पोचल्या होत्या. किती लांब? आपल्या पाचगणीपर्यंत. तिथल्या सेंट पीटर्स शाळेतल्या बोर्डिंगमध्ये काही मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला आणि लिटल रिचर्डची गाणी वाजवायला लागले. पियानोवर बसणारा दातांची ठेवण वेगळी असलेला पारशी मुलगा होता फरोख बलसारा. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. क्वीनमधला त्याचा स्टेजवरचा थाट बघा आणि मग मेकनच्या त्या नटव्या पोराचा बघा.

रिचर्ड १९६२ मध्ये परत आला, इंग्लंडच्या दौऱ्यावर. त्याच्या आधी स्टेज तापवायला ठेवलेल्या नवख्या पोरांत एक बँड होता बीटल्स. आयुष्यभर तो चर्च आणि स्टेज यांच्यामध्ये ये-जा करत राहिला, स्वतःच्या समलैंगिकतेला कधी मिरवलं, कधी पाप म्हणून झिडकारलं. १९८८ च्या ग्रॅमी समारंभात नव्या कलाकाराचं नाव जाहीर करायला त्याला बोलावलं, तर लिफाफा हातात घेऊन त्याने विजेता मीच असं सांगून टाकलं, आणि मला तुम्ही कधी काहीच दिलं नाही असं सगळ्यांसमोर सुनावलं. लोक हसले. तो अर्धाच विनोद करत होता. सिस्टर रोझेटा १९७३ मध्ये गेली, तिच्या थडग्यावर कित्येक वर्षं नाव नव्हतं. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिला जागा मिळाली २०१८ मध्ये.

जाता जाता एक गोष्ट, आणि मग तुम्ही गाणी ऐकायला मोकळे. १९७७ मध्ये नासाने दोन व्हॉयेजर यानं पाठवली. त्यांवर पृथ्वीच्या आवाजांची एक सोनेरी तबकडी आहे. रॉक अँड रोलचा नमुना म्हणून चक बेरीचं ‘जॉनी बी. गुड’. १९५८ च्या या गाण्यातला नायक बेरीच्या मनात काळा मुलगा होता, पण रेडिओवर वाजावं म्हणून त्याने तो ‘खेड्यातला मुलगा’ केला. लोकसंगीताचे अभ्यासक अॅलन लोमॅक्स यांना हे संगीत पोरकट वाटत होतं. कार्ल सेगन यांचं उत्तर साधारण असं, की पृथ्वीवर पोरंही पुष्कळ आहेत. त्याच तबकडीवर, बेरीच्या शेजाराला, साडेतीन मिनिटांची एक भैरवी आहे. गाणाऱ्या गोव्यातल्या केरी गावच्या, मुंबईत नावारूपाला आलेल्या सूरश्री केसरबाई केरकर. एल्विस १६ ऑगस्टला गेला आणि चार दिवसांनी पहिलं यान सुटलं. दुसरं ५ सप्टेंबरला. केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या.

दोन्ही ट्रॅक ऑनलाइन आहेत. भैरवी आधी लावा, मग बेरी. उलट क्रमाने मी करून बघितलं, नाही जमत.